जुन्या विरजणाचं पाणी

"चारच कसे गं? परवा तर तू पाच म्हणत होतीस."

"पाचच असायला हवेत, सुगरणबाई. पुस्तकात पाच, सरांच्या फळ्यावर पाच. इथं चारच दिसतात."

"नीट बघ. शाळेच्या फोटोत पोरं दडतात तसा एखादा मागं दडला असेल."

"तीन दिवस फिरवून बघतेय. उलटं झालं, सुलटं झालं. आता माझीच मान उलटी व्हायची राहिलीय."

"मग सर काय म्हणतात?"

"सर म्हणतात, चित्र जरा धूसर आहे, पाचवा हात असणारच, दिसत नाही एवढंच. पाच धरून चाला. सोमवारी लेख पाठवायचाय."

शुक्रवारची दुपार होती. तळघरातल्या गार खोलीत दोघी एका पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर निळ्या जाळीचा ढग, ढगाच्या पोटात धातूची एक गाठ, आणि त्या गाठीतून निघालेले चार फाटे, म्हणजे त्या धातूचे हात. पाचव्याची जागा मोकळी. संशोधन करणारी ही पोरगी प्रयोगशाळेत वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. ती पेन्सिलीचं टोक त्या मोकळ्या जागेवर आपटत होती. शेजारी स्टुलावर सुगरणबाई बसली होती. हातातला चहा निवला तरी तिचं लक्ष नव्हतं. असे चार हात तिनं आधी कुठंतरी पाहिले होते.

सुगरण हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बावीस वर्षांपूर्वी ती या संस्थेत काचेची भांडी धुवायला लागली तेव्हा तिला कुणी नावानं हाकच मारत नसे. "अहो, त्या नळ्या झाल्या का," एवढंच. तेव्हाचे दोन विद्यार्थी महिना महिना ताटल्या लावत आणि जमत नाही म्हणून शिव्या घालत धुवायला आणून टाकत. एकदा तिनं अशी एक ताटली धुवायच्या आधी उजेडाला धरली आणि म्हणाली, "ही कशाला टाकता? हिच्यात दाणा धरलाय की." विद्यार्थी हसले. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि हसू तोंडातच विरलं. दाणा खरंच धरला होता. सरांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. शाळेच्या नावानं तिच्याकडं आठवी. पण तिच्या हाताला जे यायचं ते डॉक्टरेटवाल्यांच्या हाताला येत नसे. "हिनं पाण्याला विरजण लावलं तरी सकाळी घट्ट होईल," असं सर पाहुण्यांना सांगत. ती मान खाली घालून काच पुसत राही, पण आतून टम्म फुगायची.

तिचं काम असं. माणसाच्या पेशीपेशीत जो जीवनाचा धागा असतो तो सारखा कुठं ना कुठं तुटतो, अडकतो. तो दुरुस्त करायला अंगातच कामगार नेमलेले असतात. शास्त्रात त्यांना एन्झाइम म्हणतात. ही प्रयोगशाळा ज्या एकाच्या मागं दहा वर्षं लागली होती त्याला इथं सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्री गुणाचा, पण त्याला आपलं-परकं कळत नाही. कॅन्सरच्या रोग्याला नळीतून औषध देतात ते रोगट पेशीचा धागा तोडायला, आणि हा शहाणा तिथंही हत्यारं घेऊन हजर, तोडलेलं सांधायला. म्हणून त्याच्या तोंडात पाचर ठोकायची, असा सगळा खटाटोप. सरांनी व्हॅनेडियम नावाच्या धातूची एक पाचर बनवली होती. काचेच्या नळीत ती घातली की मिस्त्री काम टाकून बसायचा. पण ती पाचर बसते कुठं आणि कशी, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्यातून औषध घडवता येत नाही.

बघायचं तरी कसं? मिस्त्री इतका बारका की एकटा कशातच दिसत नाही. कोट्यवधी मिस्त्री कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत लागले की त्यांचा खडा होतो, आणि त्या खड्यावर क्ष-किरण सोडले की त्यावरून चित्र काढता येतं. असे खडे धरायला लावणं ही सुगरणबाईची कला. मोहरीएवढा थेंब काचेच्या चकतीवर ठेवायचा, चकती उलटी करून खाऱ्या पाण्याच्या इवल्या वाटीवर झाकायची, कडेला ग्रीस लावून वारा बंद करायचा. अशा चोवीस वाट्यांची एक ताटली. थेंब हळूहळू आटतो. लवकर आटला तर गाळ, नाहीच आटला तर नुसतं पाणी. मधल्या कुठल्यातरी घडीला दाणा धरतो. धरत नसेल तर त्याला विरजण लावावं लागतं. जुने खडे चुरून त्याचं पाणी करून ठेवलेलं असतं, त्यात मांजराची मिशी बुडवायची आणि नव्या थेंबातून एकच रेघ ओढायची. मिशीच लागते, दुसऱ्या कशाला ती लवचीक धार नाही. शेजारणीच्या बोक्याच्या गळलेल्या मिश्या ती डबीत जपून ठेवी. "माझं राहू दे, आधी बोक्याला नोकरीत कायम करा," असं सरांना म्हणायची.

तर त्या शुक्रवारी ती स्टुलावरून उठली. "कप विसळून येते," म्हणाली, आणि कप तिथंच राहिला.

वरच्या बोळात पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी जुन्या संशोधनाची चित्रं काचेच्या चौकटीत लावलेली होती. रोज शंभर माणसं तिथं पाणी पीत, चित्रांकडं कुणी ढुंकून बघत नसे. एका चौकटीवर तर कुणीतरी "डबे विसरू नयेत" अशी सूचना चिकटवून ठेवलेली. तिनं ती सूचना वर उचलली. चार वर्षांपूर्वीचं चित्र. तोच मिस्त्री, तोंडातली तीच जागा, पण पाचर वेगळ्या धातूची. टंगस्टन, जुन्या बल्बमधली तार असते त्याचं. ते खडे तिनंच धरवले होते. गाठीतून निघालेले फाटे तिनं काचेवर बोट ठेवून मोजले. चार. मग पुन्हा मोजले. तेवढ्यात काही वाढणार नव्हते.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. व्हॅनेडियमचे खडे काही केल्या धरेनात. धाकटीनं नियमाप्रमाणं कोऱ्या मिस्त्रीचं, म्हणजे ज्याच्या तोंडात कसलीच पाचर नाही अशाचं, विरजण करून दिलं होतं. ते लागेना. सहा महिने ताटल्यांवर ताटल्या गेल्या. शेवटी मिस्त्रीची एक छोटी कुपी उरली आणि पुढची तयार व्हायला तीन महिने. सर तळघरात येऊन नुसते उभे राहायचे आणि निघून जायचे. सुगरणीचा हात उतरला, असं कुणी बोलत नव्हतं, पण न बोललेलंही कानाला लागतं.

त्या दिवशी चार वाजता नणंदेला दवाखान्यात न्यायचं होतं, नळीच्या औषधासाठी. घड्याळात तीन वाजून गेले होते. फ्रीजच्या तळाशी, सगळ्यांत मागं, तीन वर्षांवर जपलेली तिची एक नळी होती. टंगस्टनच्या खड्यांचं विरजण. काहीही लावा, त्यानं धरतं, असा तिचा अनुभव. याआधीही तीन वेळा तिनं ते वापरलं होतं, कुणाला कळू न देता, पण मिशीनं. मिशीला लागून जातं ते किती? जिभेवर मिठाचा कण ठेवावा तितकं. त्या दिवशी मात्र रेघा ओढत बसायला वेळ नव्हता. तिनं सरळ विरजणच थेंबात सोडलं, चांगला चौथा हिस्सा. चोवीस वाट्या पाऊण तासात झाकल्या आणि पळाली. वहीत लिहिलं, "विरजण लावलं." कुठलं, किती, कशानं, काही नाही.

पाचव्या दिवशी खडे धरले. भाल्याच्या पात्यासारखे, कडा अशा की नजर कापावी. सरांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला. तेव्हा तिच्या मनातही आलं नाही की विरजणाबरोबर जुन्या भांड्यातलं पाणीही नव्या भांड्यात जातं. त्या नळीतल्या पाण्यात टंगस्टन होतं.

ती खाली आली तेव्हा धाकटी पडदा बंद करत होती. "सोमवारी एकदा पाठवलं ना, की मी दोन दिवस नुसती झोपणार," ती म्हणाली. तिची शिष्यवृत्ती चार महिन्यांनी संपणार होती. दुसऱ्या देशात एक जागा तिची वाट बघत होती, पण हा लेख हातात असेल तरच. "आणि हो, लेखावर तुमचं नाव तिसरं टाकलंय. सर स्वतःहून म्हणाले, टाक."

"माझं कशाला," सुगरणबाई म्हणाली, आणि डबा उचलून घरी गेली.

घर म्हणजे नवऱ्याच्या गॅरेजमागच्या दोन खोल्या. शनिवारी सकाळी नवरा एका टेम्पोखाली उताणा पडला होता, नुसते पाय बाहेर. ती ऑइलच्या पालथ्या डब्यावर जाऊन बसली.

"समजा, तुम्ही एका गाडीत चुकून दुसऱ्याच गाडीचा भाग बसवलात," ती पायांना म्हणाली. "आणि गाडी चालायला लागली."

"चालायला लागली ना? मग किल्ली द्यायची आणि हात धुवायचे."

"आणि मालक त्या भागाचा फोटो काढून शंभर गॅरेजांत वाटणार असेल तर? हाच भाग बसवा म्हणून?"

टेम्पोखालची खुडखुड थांबली. "तू काय बसवलंस?"

तिनं सांगितलं. तो सरपटत बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि भिंतीवरचा एक पाना काढून तिच्यासमोर धरला. पान्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, क्रोम व्हॅनेडियम. गेलं वर्षभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हा पाना दाखवून सांगत होता की बायको आमच्या पान्याच्या धातूचं औषध करतेय.

"म्हणजे मी गावभर पाना मिरवला आणि निघाली बल्बची तार."

"अजून निघाली नाही. मला वाटतं तसं."

"मग वाटू दे. कुणी विचारलंय तुला? त्या पोरीला नाही कळलं, सरांना नाही कळलं. पुढच्या महिन्यात तुझा करार नवा व्हायचाय. बोललीस तर ब्रश देतील परत हातात, घासा म्हणतील." त्यानं आतल्या दाराकडं बघून आवाज उतरवला. "आणि आक्काला काय सांगणार? ती तुझ्या त्या चित्रावर तर जगतेय."

"आक्कानं ऐकलंय," आतून आवाज आला. "पत्र्याची भिंत आहे ती, डोंगर नव्हे."

नणंद कॉटवर बसून स्वतःचाच गाऊन दोन्ही बाजूंनी आत घेत होती. तीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले, आता वर्षभर आपलेच आत घेत होती. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, आमची साहेबीण माझ्यासाठी औषध करतेय, थोडे दिवस थांबा.

"वन्सं, तुम्ही पडा जरा. तसं काही नाही."

"तसं काही नसताना तू ऑइलच्या डब्यावर बसून नवऱ्याशी बोलतेस? एवढं प्रेम तुमच्यात कधी नव्हतं." तिनं सुई खोचून ठेवली. "मला एक सांग, साहेबीण. ते औषध मला कधी मिळणार होतं?"

नवरा दारात पाना घेऊन उभा होता. तो पान्याकडं बघायला लागला.

"आधी चित्र," सुगरणबाई म्हणाली. "चित्रावरून औषध सुधारायचं. मग उंदीर. मग माणसं. दहा वर्षं. पंधराही लागतात."

"आणि माझ्याकडं किती आहेत?"

नणंदेनं दोरा दातानं तोडला.

"म्हणजे चित्र खरं असो नाहीतर खोटं, माझ्या वाट्याला काही नव्हतंच. वर्षभर गाजर दाखवलंत मला."

"यांनी दाखवलं. मी नुसती गप्प बसले."

"गप्प बसणं तुला बरं जमतं." ती रागावलेली दिसत नव्हती. दमलेली दिसत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "आता एक कर. बोलायचं तर बोल, नाहीतर नको बोलूस. पण आक्कासाठी गप्प राहिले असं उद्या कुणाला सांगू नकोस. माझ्या नावावर खपवू नकोस. तुला तुझा हात प्यारा आहे, ते सुगरण-सुगरण ऐकायला गोड लागतं, म्हणून गप्प बसतेस. तेवढं स्वतःला खरं सांग, म्हणजे झालं."

"तसं नाही हो, वन्सं."

"बरं, नसेल. दोरा ओव ह्यात. मला नेढं दिसत नाही आता."

सुगरणबाईनं दोरा ओवला. पहिल्या झटक्यात गेला. नणंदेनं सुई घेतली आणि दुसरी बाजू आत घ्यायला लागली. रविवारी तिघंही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलली.

सोमवारी ती आठलाच तळघरात उतरली. सर यायच्या आत धाकटीशी बोलावं की थेट सरांना गाठावं, याचा बेत ती वाटेभर करत होती. बेताची गरजच उरली नाही. धाकटी सहापासून येऊन बसली होती, केस विंचरलेले नाहीत, पडद्यावर लेखाचं शेवटचं पान. सुगरणबाईनं फ्रीज उघडला, तळातली नळी काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"विरजण. आपल्या खड्यांना मी हे लावलं होतं. टंगस्टनचं आहे."

"मिशीनं ना?"

"नाही. ओतलं."

धाकटीनं नळी उचलली, उजेडाला धरली, खाली ठेवली. मग हाताशी पडलेल्या पाकिटाच्या पाठीवर दोन आकडे लिहिले, एकाला दुसऱ्यानं भागलं आणि पेन्सिल तशीच धरून राहिली. "टंगस्टन तिप्पट भारी," ती हळू म्हणाली. "तीन मिस्त्रींत एकाच्याच तोंडात ते बसलं असेल, तर सगळ्यांचं मिळून चित्र व्हॅनेडियमएवढंच दिसणार. बरोब्बर तेवढंच. म्हणून मला कळलं नाही." मग म्हणाली, "म्हणून चार हात."

"मला शुक्रवारी कळलं. तू चार म्हणालीस तेव्हा."

"शुक्रवारी नाही कळलं तुम्हाला." धाकटीनं कपाटातून वही काढली, आठ महिन्यांपूर्वीचं पान उघडलं आणि तिच्यासमोर सरकवलं. सुगरणबाईच्या "विरजण लावलं" या ओळीखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, धाकटीनं लिहिलेलं होतं, "कोऱ्याचंच ना?" आणि त्याच्यापुढं सुगरणबाईच्या निळ्या पेनानं बरोबरची खूण.

ती खूण तिनं खडे धरले त्या दिवशी केली होती, चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन. विसरली होती असं म्हणता आलं असतं. विसरली नव्हती. गेले तीन दिवस ती त्या पानाला सोडून बाकी सगळ्याचा विचार करत होती.

"माझी दोन वर्षं गेली यात," धाकटी म्हणाली. पडदा बंद केला आणि सरांना बोलवायला गेली.

सरांनी उभ्या उभ्या ऐकलं. तीनच प्रश्न विचारले. किती ओतलं? चौथा हिस्सा. याआधी कधी? तीनदा, मिशीनं. वहीत का लिहिलं नाही?

"लिहिलं असतं तर ते कुणीही लावलं असतं," ती म्हणाली. "मग माझ्याकडं काय राहिलं असतं, सर? तुमच्याकडं पदव्या आहेत. माझ्याकडं ती एक नळी होती."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खडे उरलेत त्यातले?"

"दोन. नायट्रोजनच्या टाकीत आहेत."

"ते पाठवा. टंगस्टनलाच ओळखेल असा किरण मागा. लेख थांबवा." मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "निकाल येईपर्यंत बाईंनी ताटल्या लावू नयेत."

क्ष-किरणांचं ते मोठं गोल यंत्र दुसऱ्या शहरात. नंबर लागून निकाल यायला दोन आठवडे. नुसतं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती कुणी न सांगता वरच्या मजल्यावर गेली आणि मोरीपाशी उभी राहून भांडी धुवायला लागली. तिथली भांडीवाली गडबडली.

"बाई, माझ्या पोटावर पाय देता काय?"

"तुझ्या नाही, माझ्याच पोटावर दिलाय. तो ब्रश सरकव इकडं."

बावीस वर्षांत ब्रश बदलला होता, साबण बदलला होता, काचेला धरून राहणारं ग्रीस तेच होतं. आधी गरम पाणी, मग चिंधी, मग पुन्हा गरम पाणी. विद्यार्थी येत, भांडी ठेवत, तिला बघून पुटपुटत आणि जात. सुगरणबाई म्हणून हाक कुणी मारली नाही. "अहो, त्या नळ्या झाल्या का," असं एकानं विचारलं तेव्हा तिनं विसळलेल्या नळ्या पुढं सरकवल्या. घरी नवऱ्यानं पाना भिंतीवर लावून टाकला होता आणि कुणाला दाखवत नव्हता. नणंदेनं बघायला आलेल्यांना औषधाबद्दल सांगणं बंद केलं. काय करतेय तुमची भावजय, असं कुणी विचारलं तर म्हणे, "नोकरी करते." गाऊन तिनं आणखी अर्धा इंच आत घेतला.

पंधराव्या दिवशी धाकटी मोरीपाशी आली. इतक्या दिवसांत दोघींचं बोलणं नव्हतं.

"टंगस्टन," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. व्हॅनेडियमचा मागमूस नाही."

सुगरणबाईनं नळ बंद केला. "मग काचेत मिस्त्री काम टाकून बसतो तो कशानं? तिथं तर माझं विरजण नव्हतं."

"तेच कुणाला माहीत नाही. व्हॅनेडियम त्याला अडवतं एवढं खरं आहे. कुठं बसून अडवतं ते परत पहिल्यापासून शोधायचं." धाकटी बोटानं मोरीच्या कडेवरचा फेस पुसत होती. "तुमचे ते जुने तीन वेळचे खडे, मिशीवाले, तेही तपासायला लावलेत सरांनी. त्यातल्या एकावरचा लेख छापून झालाय."

"छापलेला?"

"हं."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मिशीला मिठाच्या कणाएवढं लागतं, ही गोष्ट तिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की ती कुणी मोजलेली नाही हेच विसरून गेली होती.

"आणि तुझी ती तिकडची जागा?"

"थांबतो म्हणाले. किती थांबतो ते नाही म्हणाले." धाकटीनं खिशातून एक कागद काढला. "सरांनी करार सहा महिन्यांचा केलाय. वर्षाचा नाही. ताटली लावताना मी शेजारी बसणार, आणि नळीत काय आहे ते आधी वहीत चढणार, मग हात. ती जुनी नळी त्यांनी कपाटात कुलपात ठेवलीय. तिच्यावर चिठ्ठी तुम्हीच लिहायची, तुमच्या हातानं."

तिनं चिठ्ठी तिथंच, मोरीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिली. टंगस्टनच्या खड्यांचं विरजण, चार वर्षांचं, केलं मी, वापरलं मी. आठवीतलं अक्षर, ओल्या हातानं थोडं फुटलं.

"मिस्त्रीची नवी कुपी आलीय सकाळी," धाकटी म्हणाली. "आज लावली तर ताजी लागेल. येताय?"

"म्हणजे बोलायला लागलीस म्हणायची."

"बोलत नाहीये. काम सांगतेय."

सुगरणबाईनं हात पुसले, ब्रश भांडीवालीच्या हातात दिला आणि जिना उतरली. खाली खोली नेहमीसारखी गार होती. तिनं नवी ताटली काढली, वाट्यांच्या कडांना ग्रीसचं बारीक कडं फिरवलं, कुठं तुटलं नाही ना ते उजेडाला धरून बघितलं. फ्रीजमध्ये तळाशी मागच्या बाजूला हात गेला, सवयीनं. तिथं आता नुसता बर्फाचा पापुद्रा होता. तिनं हात मागं घेतला आणि पुढची, धाकटीनं केलेली कोऱ्याची नळी काढली. वहीत ती चढवली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. कोरं विरजण, मिशीनं, एक रेघ. धाकटीनं वाचलं आणि मान हलवली.

डबीत बोक्याच्या दोनच मिश्या उरल्या होत्या. त्यातली एक तिनं चिमट्यात धरली, बुडवली, पहिल्या थेंबातून ओढली आणि चकती उलटी करून वाटीवर बसवली. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंब स्वच्छ होता. पहिल्या दिवशी सगळेच असतात. तिनं बाजूला होऊन धाकटीला बघू दिलं आणि दुसरी चकती उचलली.